शेवटच्या कडव्यातलं नाव

गेल्या वर्षी उन्हाळा तापायच्या आधी आठ-दहा दिवस मी घरभर टाळ्या वाजवत फिरत होतो. स्वयंपाकघरात एक टाळी, मधल्या खोलीत एक, जिन्याखाली एक. टाळी वाजवायची आणि कान देऊन ऐकायचं, आवाज तिथल्या तिथे विरतो की भिंतीला आपटून परत येतो. मोबाईलवरच्या एका माणसानं तसं सांगितलं होतं. घरच्या घरी रेकॉर्डिंग करायचं तर आधी खोली निवडा, आणि खोली निवडायची तर टाळी वाजवा. बायको डाळ निवडत बसली होती. माझी तिसरी फेरी झाली तेव्हा तिनं मान वर केली.

"भाषण कोणाचं चाललंय? मला तर काहीच ऐकू येत नाही."

मी हसलो आणि जिन्याखाली जाऊन आणखी एक टाळी वाजवली. त्र्याहत्तर वर्षांच्या माणसाला इतका उत्साह शोभत नाही हे मला कळत होतं. पण सकाळी डोळे उघडले की पहिला विचार माइकचा यायचा. टेबलावर दोन कागद होते. एकावर मी घरच्या स्टुडिओसाठी लागणाऱ्या वस्तू लिहिल्या होत्या: माइक, माइकचा स्टँड, माइक मोबाईलला जोडायची डबी, कानाला लावायचे हेडफोन. दुसऱ्या कागदावर आमच्या सोलापुरातल्याच नवी पेठेजवळच्या एका रेकॉर्डिंग स्टुडिओचा फोन नंबर होता. घरीच सगळं उभं करायचं की त्या स्टुडिओत जायचं, एवढाच प्रश्न होता आणि तो सुटत नव्हता. सकाळी मी घराच्या बाजूचा असायचो, संध्याकाळी स्टुडिओच्या.

वेळही फार नव्हता. ज्यांचं गाणं रेकॉर्ड करायचं होतं त्या अक्का दोन आठवड्यांनी गल्ली सोडून लेकीकडे माळशिरसला कायमच्या राहायला जाणार होत्या. त्यांना दिसायला कमी झालं होतं, जिना उतरताना दम लागत होता. लेक म्हणत होती, आता एकटं राहू नकोस. आवाज मात्र अजून होता. किती दिवस राहील, हे कोण सांगणार?

आता अक्का कोण आणि त्यांच्या गाण्याशी माझा संबंध काय, हे सांगायला हवं. सांगायला चाळीस वर्षं उशीर झालाय.

मी गिरणीत हजेरी कारकून होतो. कामावरून आलो की आमची गायन पार्टी बसायची. ढोलकी, पेटी, एक गाणारा आणि मागे कोरसला तिघं. जयंतीला, लग्नाला, बारशाला आम्हाला बोलावणं यायचं. गाणारा मी. अक्का शेजारच्या घरात राहायच्या आणि विड्या वळायच्या. माझ्यापेक्षा पाच-सहा वर्षांनी मोठ्या. दुपारी त्यांच्या ओसरीवर चार-पाच बायका मांडीवर सूप घेऊन बसायच्या. सुपात मापानं कातरलेली पानं आणि तंबाखू. पान उचलायचं, तंबाखू भरायची, वळायची, तोंड मुडपून दोरा गुंडाळायचा, की विडी सुपाच्या कडेला. बोटं एका लयीत चालायची आणि त्या लयीवर अक्का गाणी करायच्या. लिहिता येत नव्हतं. सुचलं की म्हणायच्या आणि बाकीच्या बायका उचलायच्या.

त्यातलं एक गाणं त्यांनी आपल्या लेकीवर केलं होतं. लेक सहा वर्षांची, नुकतीच शाळेत जायला लागलेली.

लेक माझी शाळेला चालली गं,
पाटीवरती ऊन तिच्या.

मी ते भिंतीपलीकडून ऐकलं आणि माझ्या अंगावर काटा आला. संध्याकाळी जाऊन विचारलं, "अक्का, हे मी कार्यक्रमात गाऊ का?" त्या म्हणाल्या, "गा की. नाव मातर घे बाबा माजं."

नाव म्हणजे काय, ते आमच्या गाण्यांत वाढलेल्याला सांगावं लागत नाही. ज्यानं गाणं केलं त्याचं नाव शेवटच्या कडव्यात येतं. कागद हरवतो, कॅसेट तुटते, पण नाव गाण्याच्या आतच गुंफलेलं असतं. ते गाळलं तर ओळ लंगडते. त्यामुळे चोराला नाव गाळता येत नाही. बदलता मात्र येतं, आणि तेवढी अक्षरांची जाण मला होती.

पुण्याच्या एका कॅसेट कंपनीनं आमची आठ गाणी घेतली. आम्ही सहाजण बसनं निघालो. उजनीचं पाणी खिडकीतून दिसायला लागलं तेव्हा मी मांडीवर बोटं मोजत होतो. अक्कांचं नाव चार अक्षरी, माझं तीन अक्षरी. त्यांच्या जागी मी नीट बसत नव्हतो, एक अक्षर कमी पडत होतं. म्हणून नावाच्या पुढचा एक शब्द मी बदलला, एक अक्षर जास्त असलेला घातला. पाणी मागे पडलं तोवर ओळ तयार होती:

अमुक म्हणे, बांधवांनो, पाटी पुसू नका.

'अमुक'च्या जागी माझं नाव. स्टुडिओत मी ते छाती फुगवून गायलो.

आठातलं तेच एक गाणं चाललं. लाउडस्पीकरवर, टेम्पोत, मांडवात. लोक मला शाहीर म्हणायला लागले. कॅसेट घेऊन घरी आलो तेव्हा अक्का ऐकायला आल्या होत्या. टेपरेकॉर्डरसमोर बसून त्यांनी गाणं शेवटपर्यंत ऐकलं. शेवटचं कडवं आलं, माझं नाव आलं आणि त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "कंपनीला बाईचं नाव चालत नाही म्हणाले, अक्का. मी खूप सांगून पाहिलं."

कंपनीनं असं काही म्हटलं नव्हतं. तिथे कोणी विचारलंही नव्हतं.

अक्का म्हणाल्या, "बरं." आणि उठून गेल्या. त्यानंतर त्यांनी मला एकही नवं गाणं ऐकवलं नाही. मी स्वतःची समजूत घातली की त्यांचं सुचणं आटलं असेल.

हे सगळं मला दुरुस्त करायचं होतं. तेच गाणं, त्यांच्याच आवाजात, त्यांच्या नावासकट रेकॉर्ड करायचं आणि आजच्या मुलांच्या मोबाईलवर जाईल असं करायचं. अक्कांना मी एवढंच सांगितलं की तुमच्या आवाजात, तुमच्या नावानं गाणं करू. त्यांनी डोळे बारीक करून माझ्याकडे पाहिलं. "आता कंपनी न्हाय मदी?"

"नाही अक्का. आता आपलं आपणच."

"मग चल की. कदी?"

त्या दिवसापासून मी टाळ्या वाजवत होतो.

अडचण अशी की मी बदललेला तो मूळ शब्द मला आठवत नव्हता. शेकडो वेळा 'बांधवांनो' गाऊन गाऊन खालचा शब्द पुसला गेला होता. अक्कांचं नाव परत घातलं की ओळ एका अक्षरानं लांब व्हायची. अक्कांना विचारलं तर त्या म्हणाल्या, "काय व्हतं बरं? मला बी आता तुजंच येतंय तोंडात." त्यांच्यासमोरही चाळीस वर्षं लाउडस्पीकर वाजत होता ना. मला वाटलं, एकदा गायला बसल्या की येईल.

कुठे बसायचं, यावरून बायकोशी रोज बोलणं व्हायचं. माझं मन हळूहळू स्टुडिओकडे झुकलं. घराच्या मागच्या गल्लीत यंत्रमाग आहेत, ते दिवसभर खटखटत असतात. सकाळी घंटागाडी गाणं वाजवत येते. शेजारी कुकर, वर कबुतरं. आणि मुख्य म्हणजे, मला वाटायचं, अक्कांचा मान मोठा झाला पाहिजे. काचेची खोली, मोठा माइक, समोर मशीनवर माणूस. मी पुण्याला गेलो तेव्हा त्या ओसरीवर बसल्या होत्या. आता त्यांना गाडीतून न्यायचं.

बायको म्हणाली, "त्यांनी मागितलाय का स्टुडिओ?"

"मागितला नाही. पण त्यांना शोभेल."

"तेव्हाही स्टुडिओ तुम्हालाच हवा होता. आताही तुम्हालाच हवाय. चला, शाहीर!"

मी दुसऱ्या दिवशी नंबर फिरवला आणि मंगळवार सकाळचे दोन तास ठरवून टाकले. खरं सांगतो, फोन ठेवल्यावर मी खोलीत एकटाच दोन गिरक्या मारल्या.

मंगळवारी अक्कांनी इस्त्रीची पांढरी साडी नेसली. रिक्षा नवी पेठेच्या गर्दीतून जात होती तेव्हा त्या दोन्ही बाजूंची कापडाची दुकानं अंदाजानंच बघत होत्या आणि मधूनच गुणगुणत होत्या. स्टुडिओ एका साडीच्या दुकानावर दुसऱ्या मजल्यावर होता. जिना चढताना त्या तीनदा थांबल्या. मी खालून वरून 'सावकाश, सावकाश' करत होतो. आत गेलो तर एसी असा की बाहेरचा उन्हाळा खोटा वाटावा. काचेपलीकडे चाळिशीचा एक माणूस बसला होता, मशीन तोच चालवायचा. त्यानं अक्कांना हेडफोन घातले, माइक त्यांच्या तोंडाच्या उंचीला आणला.

"आजी, टेन्शन घ्यायचं नाही. चुकलं तर आपण जोडून घेऊ."

"गानं काय फाटलंय व्हय, जोडायला?"

तो मोठ्यानं हसला. मला वाटलं, जमलं. अशी बाई आहे की ही, आता बघत राहा.

त्यानं कॉम्प्युटरवरची ढोलकी लावली आणि अक्का गायल्या. सत्तरी ओलांडलेला आवाज, थोडा घोगरा, पण सूर कुठे ढळत नव्हता. काचेला नाक लावून मी ऐकत होतो. पहिलं कडवं, दुसरं, तिसरं. शेवटचं आलं आणि त्यांनी स्वच्छ आवाजात माझं नाव घेतलं. 'अमुक म्हणे, बांधवांनो.'

"ओके! एका दमात! काय गायलात आजी!" मशीनवाला टाळ्या वाजवायला लागला.

मी म्हणालो, "शेवटची ओळ परत घ्यायचीय. नाव बदलायचंय."

परत घेतली. अक्कांनी आपलं नाव घातलं, पण ओळ सांडली. मशीनवाल्यानं पडद्यावर बोट ठेवून दाखवलं, आवाजाची पट्टी ढोलकीच्या पुढे गेली होती. "एक अक्षर जास्त होतंय काका. आजी, नाव निम्मंच घ्या ना, बसेल मग."

अक्का काचेआडून म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे की शाहीर. तुजंच बरं बसतंय."

"आणि बदलायचं कशाला, काका?" तो माझ्याकडे वळला. "गाणं तर तुमचंच आहे ना? लहानपणी जयंतीला आमच्याकडे तुमचीच कॅसेट लागायची. कसली कॅसेट होती!"

अक्कांच्या कानावर हेडफोन होते. तो जे बोलत होता ते सगळं माइकमधून त्यांना ऐकू जात होतं. मला फक्त 'नाही' म्हणायचं होतं. मी म्हणालो, "तसं काही नाही. सहजच, एक हौस."

अक्कांनी हेडफोन काढून स्टँडला अडकवले आणि चपला शोधायला लागल्या.

उतरताना मी त्यांचा हात धरला होता आणि मला तो हात धरायची लाज वाटत होती. अनोळखी माणूस, त्याचा मी काही लागत नाही, आणि त्याच्यासमोरही मला शाहीरच राहायचं होतं. रिक्षात त्या हात चोळत बसल्या. मग स्वतःच्या बोटांकडे बघत म्हणाल्या, "त्या खोलीत लई गार. हात आकडले बघ. आन हात रिकामं. रिकाम्या हातानं मी गानं कवा केलंच न्हाय. कसं आटवंल?"

मी रिक्षातच ताडकन सरळ बसलो. चालकानं आरशात माझ्याकडे पाहिलं. गाणं हातात होतं आणि मी ते तोंडात शोधत होतो!

"अक्का, सूप आहे का अजून?"

"माळ्यावर आसंल. का?"

"काही नाही. तुम्ही उद्यापासून आराम करा. परवा दुपारी आमच्याकडे यायचं."

परवा मागच्या गल्लीतले माग बंद असायचा दिवस होता. म्हणजे माझ्याकडे दोनच दिवस होते. घरी पोचताच मी स्टुडिओच्या नंबरचा कागद फाडला आणि दुसरा कागद घेऊन बाहेर पडलो. संध्याकाळपर्यंत माइक, स्टँड, डबी, हेडफोन घरात आले. खोके उघडताना मी कात्री कुठेही चालवत होतो आणि बायको म्हणत होती, "कात्री मला द्या, नाहीतर वायरच कापाल."

खोली ठरली ती जिन्याखालची. पण तिथे टाळीचा आवाज परत यायचा. मोबाईलवरचा माणूस म्हणत होता की भिंतीला फोम लावा. बायकोनं कपाट उघडलं आणि लेकीच्या लग्नात आलेल्या, नातवंडांच्या बारशाला आलेल्या, कोणी निरोपाला दिलेल्या अशा नऊ सोलापुरी चादरी माझ्या अंगावर टाकल्या.

"फोम कशाला? आयुष्यभर चादरीच तर मिळाल्यात आपल्याला."

दोरी बांधून तिन्ही भिंतींवर दुहेरी चादरी सोडल्या. दाराला गादी टेकवली. मग मी मधोमध उभा राहिलो आणि टाळी वाजवली. आवाज चादरीत शिरला तो परत आलाच नाही. मी बायकोला हाक मारली, "अगं ये, टाळी वाजव!" तिनं वाजवली. दोघं एकमेकांकडे बघून हसायला लागलो. मग तिनं पुन्हा वाजवली, मी वाजवली. शेवटी तीच म्हणाली, "पुरे आता, शेजारी येतील पेढे मागायला."

माइकसमोर एक जाळी लागते, नाहीतर 'प' आणि 'ब' फुटतात. बायकोनं भरतकामाच्या गोल चौकटीत मच्छरदाणीचा तुकडा ताणून बसवला. आमच्या शेवटच्या ओळीत तर 'पाटी' आणि त्याला लागूनच 'पुसू'. ती जाळी बसल्यावर मला फार बरं वाटलं. पानं आणि तंबाखू मी गल्लीतल्या एका विडी वळणाऱ्या बाईकडून मागून आणली. तिनं विचारलं, "शाहीर, या वयात नवीन नाद?" मी म्हणालो, "नाद जुनाच आहे."

ठरल्या दुपारी माग थांबलेले होते. फ्रिज बंद, पंखा बंद. पाच मिनिटांत तिघंही घामानं निथळलो. अक्कांना मी सतरंजीवर बसवलं आणि त्यांचं जुनं सूप मांडीवर ठेवलं. त्यांनी बोटांनी सुपाची कड चाचपली. एक पान उचललं, दोन्ही अंगांनी बघितलं, म्हणजे चाचपलंच. "बरं भिजवलंय की." तंबाखूचा वास खोलीत पसरला आणि कोरसला बसलेल्या बायकोला शिंक आली. मग आणखी दोन.

"ह्यात शिंका बी जात्यात व्हय?" अक्कांनी विचारलं.

"सगळंच जातं, अक्का."

मी मोबाईलवरचं बटण दाबलं. लाल ठिपका पेटला. माइक मी तोंडापेक्षा थोडा हाताकडे झुकवला होता, म्हणजे पानांची कुसकूस आणि दोऱ्याची सरसर दोन्ही येतील. ढोलकी नाही, पेटी नाही.

पहिल्या दोन विड्या त्यांनी नुसत्याच वळल्या. बोटं अडखळत होती. तिसरी बरी जमली. चौथ्या विडीला बोटांनी लय धरली आणि अक्का गायला लागल्या. स्टुडिओत गायल्या ते वेगळं होतं. तिथे त्या माझ्या चालीवर गात होत्या, कॅसेटच्या. इथे गाणं मंद झालं, प्रत्येक ओळीच्या शेवटी दोरा गुंडाळण्याएवढी जागा सुटायला लागली. बायको कोरस उचलत होती. हेडफोनमधून मला ओसरी ऐकू येत होती.

शेवटचं कडवं आलं. बोटं चालूच होती. अक्कांनी स्वतःचं नाव घेतलं, चारही अक्षरं, आणि न थांबता पुढे गेल्या:

…म्हणे, बायांनो, पाटी पुसू नका.

बायांनो!

तीन अक्षरं. चार आणि तीन. माझे तीन आणि चार. मी ओरडलोच असतो, पण तोंडावर हात दाबला. बायांनो! समोर सूप घेऊन बसलेल्या चार बायकांना त्या सांगत होत्या. त्यांच्याही लेकींच्या पाट्या घरकामात पुसल्या जात होत्या ना. मी ते उचलून स्टेजसमोरच्या पुरुषांना ऐकवलं होतं. मला नाचावंसं वाटत होतं. हरवलेला शब्द सापडला, ओळ बसली, मशीनमध्ये आली!

अक्कांचा चेहराही उजळला होता. "आलं की रं! बायांनो! आसंच व्हतं!" आणि लगेच बोटं थांबली. त्या कचरल्या. हळू आवाजात त्यांनी विचारलं, "पर कंपनीला चालंल का?"

मी हेडफोन काढले. आता इथे बाहेरचं कोणी नव्हतं.

"अक्का, कंपनी असं कधी म्हणालीच नव्हती."

"म्हंजी?"

"बाईचं नाव चालत नाही, असं तिथे कोणी म्हटलं नाही. कोणी विचारलंही नाही. मीच बदललं. बसमध्ये, जाताना. बोटांवर अक्षरं मोजून."

बायको म्हणाली, "मलाही कंपनीचंच सांगितलं होतं तुम्ही." तिचा आवाज मी ओळखला नाही.

अक्का अर्धी वळलेली विडी चिमटीत धरून बसल्या होत्या. "मग मी चाळीस वर्सं कुनाला भिऊन गप बसले?"

मी हेडफोनची वायर बोटाला गुंडाळत राहिलो.

"तुला वाटलं, मला सुचना व्हय? लई सुचली गानी. सुपात आली आन सुपातच झटकून टाकली. म्हटलं, बाईचं चालतच न्हाय तर कुनाला ऐकवायची?" त्यांनी ती अर्धी विडी सुपात टाकली. "चालू हाय का ते?"

लाल ठिपका पेटलेलाच होता. मी घाईनं हात पुढे केला. "बंद करतो, हे नंतर कापून टाकता येईल."

"हात मागं घे. बोल त्यात. माज्या गान्याआदी तू बोल, काय केलंस ते."

मी माइकसमोर सरकलो. हजार कार्यक्रम केलेला माणूस, घसा खाकरला आणि सुरू झालो, "रसिक श्रोतेहो, चार दशकांपूर्वी अनवधानानं…"

"थांब. आनवधानानं म्हंजी?"

"म्हणजे… चुकून."

"चुकून? बोटं मोजून चुकून?"

बायकोच्या तोंडून हसू फुटलं आणि तिनं पदर तोंडाला लावला. मी पुन्हा सुरुवात केली. "हे गाणं माझं नाही. माझ्याकडून चूक झाली…"

"झाली कशी? आपोआप झाली? 'मी केली' म्हन."

तिसऱ्यांदा मी म्हणालो, "हे गाणं आमच्या अक्कांनी केलं. त्यांचं नाव मी काढलं आणि माझं घातलं. आणि कंपनीनंच तसं करायला लावलं, असं त्यांना खोटं सांगितलं. हे मी केलं." घाम डोळ्यांत जात होता. पण गंमत अशी की छातीत भीती नव्हती, तिथे ढोलकी वाजत होती. पुण्याच्या काचेच्या खोलीत पहिल्यांदा माइकसमोर उभा राहिलो होतो तेव्हासुद्धा इतकी वाजली नव्हती.

अक्का मान हलवत ऐकत होत्या, पण त्यांचं समाधान झालेलं नव्हतं.

"अक्का कोन? हितं गल्लीत चार अक्का हायेत. नाव घे."

तेव्हा माझ्या ध्यानात आलं की इतक्या वर्षांच्या शेजारात मी त्यांचं नाव एकदाही तोंडानं घेतलेलं नाही. आधी मोठ्या म्हणून अक्का, आणि नंतर ते नाव उच्चारायची हिंमत नव्हती म्हणून अक्का. इथे कागदावरही मी ते लिहीत नाही, कारण त्यांनीच बजावलंय, ज्याला पाहिजे त्यानं गाणं शेवटपर्यंत ऐकावं.

"घ्या की," बायको म्हणाली. "नव्या नवरीसारखे काय लाजताय?"

अक्का पहिल्यांदाच हसल्या. "उखाना नगं घालू. नुसतं घे."

मी माइकजवळ तोंड नेलं आणि त्यांचं नाव घेतलं. चारही अक्षरं, सावकाश, एकेक. मग त्यांच्या वडिलांचं, आणि त्यांनी सांगितलं म्हणून त्यांच्या आईचंही.

"हां," अक्का म्हणाल्या. त्यांनी सुपातून नवं पान उचललं, बोटांनी त्याची कड सरळ केली. "आता तू बस गप. आन गं, तू कोरसला नीट बस, शिंकू नगंस. पयल्यापासनं म्हनते."